‘मिटवून टाका’ हा न्याय नव्हे!

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी सकाळी सात-साडेसातला एस.टी. स्थानकावर उभे राहावे. माण-खटावच्या, जत-आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवरून पहाटे घर सोडून निघालेल्या मुली गाडीतून उतरताना दिसतील. हातात डबा, खांद्याला दप्तर आणि मनात घरातली पहिली पदवीधर होण्याची जिद्द. त्यांच्या शिक्षणासाठी कुणाच्या वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढलेले असते, तर कुणाची आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात असते. अशा मुलीला एखादा प्राध्यापक वर्ग सुटल्यावर खोलीत बोलावतो, अंतर्गत गुणांची भीती घालतो आणि त्या बदल्यात नको ते सुचवतो. त्या मुलीने जावे कोणाकडे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजाने फार पूर्वीच ठरवून टाकले आहे. ते दोन शब्दांचे आहे – ‘मिटवून टाका’.

प्रस्तुत लेखक महाविद्यालयात शिकत होता, त्याला आता सुमारे पस्तीस वर्षे झाली. मराठीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी दिवाळीच्या सुटीनंतर आलीच नाही. एका प्राध्यापकांविषयी तिची तक्रार होती, हे सर्वांना ठाऊक होते. तिच्या वडिलांना बोलावणे गेले. टोपी हातात घेऊन ते कार्यालयाच्या दारात असे उभे होते की, पाहणाऱ्याला गुन्हेगार तेच वाटावेत. ‘मुलीच्या जातीला डाग लागायला वेळ लागत नाही, संस्थेचेही नाव आहे, मिटवून टाका,’ असा सल्ला त्यांना वडीलकीच्या नात्याने देण्यात आला. तुळशीचे लग्न लागले आणि पाठोपाठ त्या मुलीचेही उरकण्यात आले. पुढे काही वर्षांनी ते प्राध्यापक निवृत्त झाले, तेव्हा त्यांना शाल-श्रीफळ देऊन गौरविण्यात आले. टाळ्या वाजविणाऱ्यांमध्ये मीही होतो.

त्या वेळी आमच्यापैकी कोणालाही कायदा ठाऊक नव्हता, आणि ठाऊक करून घेण्यासारखा कायदाही फारसा नव्हता. इंग्रजांच्या काळातील दंडसंहितेची दोन-तीन कलमे होती आणि पोलीस ठाण्याची पायरी होती. आज ती सबब उरलेली नाही. आज कायदा आहे, नियम आहेत, मुदती ठरलेल्या आहेत. तरीही ‘मिटवून टाका’ हे शब्द जसेच्या तसे ऐकू येतात. दोष कायद्यात कमी आणि आपल्यात अधिक आहे, असे म्हणावे लागते ते याचमुळे.

हा वारसा कोणाचा?

स्त्रीशिक्षणाची कथा या भूमीत सुरू होते, हे विसरून चालणार नाही. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. मुलींना शिकविण्यासाठी त्या घराबाहेर पडल्या, तेव्हा त्यांच्यावर काय काय फेकले गेले हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले. वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालयही १९१९ चेच. शंभर वर्षांच्या या पुण्याईवर दोन्ही जिल्ह्यांत महाविद्यालयांचे जाळे उभे राहिले.

ज्या भूमीत एका माउलीने परक्यांच्या लेकरांसाठी मंगळसूत्र दिले, त्या भूमीत आपल्याच लेकीची तक्रार संस्थेच्या नावापायी दडपली जावी, हा कोणता न्याय? संस्थेचे नाव मुलीच्या तक्रारीने जात नाही, ते ज्याच्या वर्तनाने जाते त्याला मात्र आपण पाठीशी घालतो. आपल्या परंपरेने गुरूला देवाच्या बरोबरीने बसविले खरे. पण त्या आसनाबरोबर संयमाची अट घातली होती. अट मोडणाऱ्याला आसनाचा मान मागता येत नाही.

कायदा काय देतो?

राजस्थानातील भंवरीदेवी प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल दिला. कामाच्या ठिकाणी तक्रार समिती नेमणे त्या निकालाने बंधनकारक केले. महाविद्यालयांत आजही ‘विशाखा समिती’ हाच शब्द रूढ आहे, तो यामुळेच. निकाल कागदावर राहतो आहे, हे सर्वोच्च न्यायालयापुढे नेणारी याचिका ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या मेधा कोतवाल-लेले पुण्याच्या. या याचिकेत २००४ साली न्यायालयाने स्पष्ट केले की, तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानला जाईल. याचा अर्थ फार मोठा आहे. समितीपुढे एकदा सर्व सांगून झाल्यावर ‘आता खातेनिहाय चौकशी, पुन्हा या, पुन्हा सांगा’ असे त्या मुलीला म्हणता येत नाही.

पुढे संसदेने २०१३ साली कायदा केला आणि तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. विद्यार्थिनींच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहे ती विद्यापीठ अनुदान आयोगाची २ मे २०१६ रोजी अधिसूचित झालेली नियमावली. प्रत्येक पालकाने ती एकदा तरी वाचावी. तिच्यानुसार महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. अध्यक्षपदी ज्येष्ठ अध्यापिका हवी. दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणारी बाहेरची एक व्यक्ती हवी. एकूण सदस्यांत निम्म्या तरी स्त्रिया हव्यात. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल, तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत आणि तेही पारदर्शक निवडणुकीने निवडलेले. विभागप्रमुख, अधिष्ठाता, कुलसचिव अशा अधिकारपदांवरील व्यक्तींना समितीवर बसता येत नाही.

सुज्ञ वाचकांनी आज रात्री जेवताना आपल्या मुलीला एवढेच विचारावे – तुझ्या महाविद्यालयात या समितीच्या विद्यार्थी प्रतिनिधींची निवडणूक कधी झाली? अध्यक्षांचे नाव काय? उत्तर आले नाही, तर प्राचार्यांकडे लेखी चौकशी करायला हरकत नसावी. समिती न नेमणाऱ्या नियोक्त्याला कायद्याने पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आयोगही अशा संस्थेचे अनुदान रोखू शकतो.

तक्रार लेखी करायची असते आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. प्रकार वारंवार घडत असेल, तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजतात. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. तक्रारीची प्रत सात दिवसांत संबंधित प्राध्यापकाला जाते, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचे असते. चौकशी नव्वद दिवसांत संपली पाहिजे. अहवालानंतर तीस दिवसांत संस्थेने कारवाई करायची असते आणि ज्याला निर्णय मान्य नाही त्याला तीस दिवसांत अपील करता येते. समितीपुढे वकील उभा करता येत नाही, दोघांनाही. तक्रारदार मुलीचे नाव आणि चौकशीचा तपशील गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.

‘पण तोवर परीक्षा आली तर?’ ही प्रत्येक मुलीची खरी भीती असते. नियमावलीने तिचाही विचार केला आहे. चौकशी चालू असताना त्या प्राध्यापकाला तिच्या उत्तरपत्रिका तपासण्यापासून, तिच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवण्याची शिफारस समिती करू शकते. तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. संशोधक विद्यार्थिनीचे सारे भवितव्य मार्गदर्शकाच्या एका सहीवर लटकलेले असते, तिने तर ही मागणी तक्रारीतच लिहावी. ही नियमावली एवढ्यावर थांबत नाही. काही विद्यार्थी मुलगेही अशा छळाला बळी पडू शकतात, हे तिने मान्य केले आहे.

आणि आता ‘मिटवून टाका’विषयी. समेट करण्याची सोय कायद्यात आहे. मात्र ती मागणी स्वतः तक्रारदार स्त्रीनेच करायची असते, आणि पैसे देऊन केलेला समेट कायद्याला मान्य नाही. प्राचार्यांना, संस्थाचालकांना, गावच्या पुढाऱ्याला किंवा मुलीच्या मामालाही ‘मिटवून टाका’ म्हणण्याचा अधिकार या कायद्याने ठेवलेला नाही. तो अधिकार एकट्या तिचा आहे.

पोलीस ठाण्याची पायरी

समिती आणि पोलीस यांपैकी एकच दार निवडावे लागते, हा सर्वत्र पसरलेला गैरसमज आहे. दोन्ही दारे एकाच वेळी उघडी असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७४ विनयभंगासाठी, कलम ७५ लैंगिक छळासाठी, कलम ७८ पाठलागासाठी, तर कलम ७९ शब्द वा हावभावांनी केलेल्या अपमानासाठी आहे. विनयभंगाला किमान एक आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. समितीकडे जाण्याची मुदत टळली, म्हणून पोलिसांचे दार बंद होत नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार घटना कुठेही घडलेली असो, मुलगी कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देऊ शकते. सांगलीत शिकणाऱ्या मुलीने दहिवडीत आपल्या घराजवळच्या ठाण्यात फिर्याद दिली, तरी ती नोंदवून घ्यावी लागते. अशा गुन्ह्यांत तिचे म्हणणे स्त्री अधिकाऱ्याने नोंदवायचे असते आणि फिर्यादीची प्रत विनामूल्य द्यायची असते. ठाणे अंमलदाराने नकार दिला, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी जावे, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आपल्याकडे अकरावी-बारावीचे कनिष्ठ महाविद्यालय बहुधा वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात भरते. त्या मुली अठरा वर्षांच्या आतील असतात. त्यांच्या बाबतीत २०१२ चा पोक्सो कायदा लागतो. शिक्षकाने आपल्याच संस्थेतील अल्पवयीन मुलीच्या अंगाशी लैंगिक हेतूने लगट केली, तर तो गंभीर स्वरूपाचा गुन्हा ठरतो. किमान पाच वर्षे शिक्षा आहे. अशा गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळविणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे आणि संस्थाप्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. येथे ‘मिटवून टाका’ म्हणणारा स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो.

खासगी शिकवण्या आणि भरतीपूर्व अकॅडमी तर आता गल्लोगल्ली आहेत. जेथे दहापेक्षा कमी माणसे कामाला असतात, तेथे अंतर्गत समिती नसते. अशा वेळी, किंवा तक्रार खुद्द नियोक्त्याविरुद्ध असेल तेव्हा, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. वकिलाचा खर्च परवडत नाही, हीही अडचण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला, तिच्या घरचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. साताऱ्यात आणि सांगलीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. त्याचा दूरध्वनी १५१००, महिलांसाठीचा १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२. उच्च न्यायालयात दाद मागायची वेळ आलीच, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते आहे आणि दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. मुंबईच्या फेऱ्यांचे भयही आता उरलेले नाही.

मुदत कोणासाठी थांबत नाही

कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील एका अध्यापिकेने खुद्द कुलगुरूंविरुद्ध तक्रार केली होती. छळाची शेवटची घटना एप्रिल २०२३ ची आणि तक्रार डिसेंबर २०२३ मधली. तीन अधिक तीन, असे सहाही महिने उलटून गेले होते. १२ सप्टेंबर २०२५ रोजी न्या. पंकज मिथल आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने तक्रार मुदतबाह्य ठरविली. न्यायालय एवढ्यावर थांबले नाही. या निकालाचा उल्लेख त्या कुलगुरूंच्या परिचयपत्रात कायम राहिला पाहिजे, असाही आदेश त्याने दिला. पण तक्रारीची चौकशी होऊ शकली नाही ती नाहीच. जेथे कायदाच शिकविला जातो, तेथील अध्यापिकेला मुदतीने गाठले. मग जतच्या वस्तीवरून आलेल्या, कला शाखेच्या दुसऱ्या वर्षातील मुलीचे काय? ‘परीक्षा होऊ दे, मग बघू’, ‘ताईचे लग्न होऊ दे, मग बघू’ असे म्हणणाऱ्या घरांनी कॅलेंडरावर ती तारीख आधी लिहून ठेवावी.

घाईने केलेला न्यायही घात करतो

दडपून टाकणाऱ्यांवर टीका करताना दुसऱ्या टोकाकडे डोळेझाक करता येणार नाही. प्रकरण बाहेर फुटले की, जमाव गोळा होतो, तोंडाला काळे फासले जाते, ‘आजच्या आज बडतर्फ करा’ अशी घोषणा होते. संस्थाही घाबरून कसाबसा निर्णय उरकते. शेजारच्या गोव्यात काय घडले ते पाहावे. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ साली विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने अठरा बैठका घेतल्या, त्यांतील बहुतेक एकामागून एक, घाईघाईने. आरोपीने मागितलेला वेळ त्याला मिळाला नाही, जबाब वाचून उत्तर देण्याची पुरेशी संधी मिळाली नाही. २०१० साली त्याला बडतर्फ करण्यात आले. २०१२ साली उच्च न्यायालयाने ते कायम केले. आणि १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द करून नव्याने चौकशी करण्यास सांगितले. कारण एकच – नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली गेली नाहीत. आरोप खरे की खोटे, हे न्यायालयाने ठरविले नाही. म्हणूनच त्या प्राध्यापकाचे नाव येथे दिलेले नाही.

२००९ साली विशीत असलेली विद्यार्थिनी २०२३ साली चौतिशीची झाली असेल. संसार, मुलेबाळे, नोकरी यांत गुंतलेल्या त्या स्त्रीला चौदा वर्षांपूर्वीच्या त्या खोलीत पुन्हा बोलवायचे, ते केवळ समितीला नियम ठाऊक नव्हते म्हणून! आपल्याकडेही बडतर्फ प्राध्यापकाला विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. चौकशीत त्रुटी राहिली, तर तो सन्मानाने परत येतो आणि त्याच वर्गावर शिकवू लागतो. आरोपीला म्हणणे मांडण्याची पूर्ण संधी देणे, हे त्याच्यावर केलेले उपकार नसतात. मुलीच्या बाजूने लागलेला निकाल वरच्या न्यायालयात टिकावा, यासाठी ते आवश्यक असते. निरपराध शिक्षकाचे आयुष्यही त्यानेच वाचते. हेतुपुरस्सर खोटी तक्रार केल्यास कारवाईची तरतूद कायद्यात आहेच. मात्र पुरावा अपुरा पडला, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हेही त्याच कायद्याने सांगितले आहे.

येथे कोणी रांझ्याच्या पाटलाचे उदाहरण देईल. शिवछत्रपतींनी बाबाजी गुजर पाटलाचे हातपाय तोडविले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण २८ जानेवारी १६४६ चे ते पत्र आपण नीट वाचतो का? वार्ता कानी येताच महाराजांनी पाटलाला हुजूर आणविले, प्रकरणाची शहानिशा केली, गुन्हा खरा ठरला आणि मगच शिक्षा झाली. पाटील वतनदार होता, वजनदार होता. त्याचे वजन आड आले नाही आणि शहानिशाही टळली नाही. आपण त्या कथेतील तलवार तेवढी लक्षात ठेवली आणि शहानिशा विसरलो.

‘आपला माणूस’ असेल तेव्हा

खरी कसोटी पुढेच आहे. आरोपी परक्या विचारांचा असला, परक्या जातीचा असला, विरोधी पक्षाच्या संस्थेतला असला की, आपल्याला स्त्रीच्या सन्मानाची आठवण होते, मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात. तोच माणूस आपल्या ओळखीचा, आपल्या कार्यक्रमांना अध्यक्ष म्हणून येणारा, आपल्या घरी चहा घेणारा असला तर? ‘माणूस तसा चांगला आहे, मुलीचाच काही गैरसमज झाला असेल,’ असे आपण म्हणू लागतो. पुरोगामी म्हणविणाऱ्यांचा दुटप्पीपणा आपण नेहमी वेशीवर टांगतो. आपलाही आरसा कधी तरी पुसून पाहावा. मातृशक्तीचा जयजयकार करणाऱ्या समाजाची परीक्षा तक्रार आपल्याच माणसाविरुद्ध आली की होते.

ओडिशातील बालेश्वरच्या महाविद्यालयात १२ जुलै २०२५ रोजी एका विद्यार्थिनीने आवारातच स्वतःला पेटवून घेतले आणि दोन दिवसांनी तिचा मृत्यू झाला. विभागप्रमुखाविरुद्धची तिची तक्रार महाविद्यालयाकडे दाखल झालेली होती. विभागप्रमुख आणि प्राचार्य यांना नंतर अटक झाली, चौकशी समित्या आल्या, नेते आले. हे सगळे ती जिवंत असताना आले असते तर!

म्हणून काही साध्या गोष्टी. मुलीने घटनेची तारीख, वेळ, ठिकाण त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. संदेश पुसू नयेत. विश्वासातल्या मैत्रिणीला सांगावे. तक्रारीच्या प्रतीवर पोच घ्यावी. पालकांनी ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हा प्रश्न तोंडातून बाहेर काढू नये. त्या एका प्रश्नाने मुलगी कायमची गप्प होते. आपले अनेक वाचक शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत, महाविद्यालय विकास समितीवर आहेत. त्यांनी पुढच्या बैठकीत विशाखा समितीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा – समिती आहे का, नियमाप्रमाणे आहे का, सदस्यांना चौकशी कशी करायची हे शिकविले आहे का. त्यांच्या नावांचा फलक दर्शनी भागात लावला आहे का, तेही पाहावे.

माझी ती वर्गभगिनी मला दोन वर्षांपूर्वी मिरजेत एका लग्नात भेटली. तिची नात शाळेत जाते. बोलता बोलता ती सहज म्हणाली, ‘मला मराठीत एम.ए. करायचे होते.’ मी काहीच बोलू शकलो नाही. पस्तीस वर्षांपूर्वी जे मिटवून टाकले होते, ते तिच्यापुरते कधीच मिटले नव्हते.